‘चोत्तो...’ म्हणजे एंगेज टोन

ओसाकातल्या एका बोळातलं सात-आठ स्टुलांचं नूडल्सचं दुकान. रात्रीचे साडेआठ. बाहेर पाऊस, आत उकळत्या रश्शाची वाफ, आणि काउंटरपलीकडे डोक्याला पंचा गुंडाळलेला मालक. आमच्या ह्यांनी मोबाइलवर जपानीत करून ठेवलेलं वाक्य त्याच्यापुढे धरलं. आम्ही मांस-मासे खात नाही, त्याशिवाय काही करून मिळेल का? मालकाने वाचलं. मान एका बाजूला कलती केली. ठेचा झोंबल्यावर आपण ओढतो तशी दातांमधून ‘स्सऽऽ’ करत हवा आत ओढली आणि म्हणाला, "चोत्तोऽऽ..."

आणि थांबला.

ह्यांनी विमानात जे वीसेक शब्द पाठ केले होते त्यात ‘चोत्तो’ होता. चोत्तो म्हणजे थोडं. ‘चोत्तो मात्ते’ म्हणजे जरा थांबा. "थांबा म्हणतोय," असं मला सांगून ह्यांनी छत्री मिटली आणि आम्ही दाराशी उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मालक बाकीच्यांच्या वाडग्यांत नूडल्स घालत होता, मधूनच आमच्याकडे बघून किंचित वाकत होता, आणि दर खेपेला त्याचा चेहरा आणखी कसनुसा होत होता. शेवटी बिचारा बाहेर आला. छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली, चार वेळा ‘सुमिमासेन’ म्हणाला, आणि त्या पावसात कोपऱ्यापर्यंत चालत येऊन आम्हाला चोवीस तास उघडं असणारं दुकान दाखवून गेला. आम्ही तिथून केळी आणि दही घेतलं.

रात्री भाचीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "आत्या, चोत्तो म्हणजे ‘नाही’ गं! वाक्य तिथेच संपतं. तो तुम्हाला दहा मिनिटं नाही म्हणत होता."

आता मला हे कळायला हवं होतं. मी ३१ वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सुरुवातीला ट्रंक बोर्ड, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायचे, पुढे १९७ वर फोन नंबरांची चौकशी. कानाला हेडफोन लावला की समोरचा माणूस दिसत नाही, हातात फक्त त्याचा आवाज. तो आवाज कुठे अडखळला, कुठे घसरला, माणूस खरं बोलतोय की शेजारी सासू बसली आहे म्हणून तसं बोलतोय, हे सगळं आम्हाला कानाने कळायचं. आणि एंगेज टोन आल्यावरही लाइन धरून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आपसात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या रात्री ओसाकात ते गिऱ्हाईक मीच होते.

आम्ही नोव्हेंबरात बारा दिवस जपानला जाऊन आलो. भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, पुण्यात जपानी शिकली आणि गेली सहा वर्षं ओकायामात नोकरी करते. तिला सुट्टी कमी, त्यामुळे पहिले पाच-सहा दिवस आम्ही दोघंच ओसाका, कोयासान आणि क्योतो असे हिंडलो आणि मग तिच्याकडे गेलो. फुजी पर्वत, चेरी, बुलेट ट्रेन यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपली कानाची गोष्ट लिहिते. बऱ्याच जणांचं तिकडे जायचं चाललंय, त्यांना उपयोग होईल.

तर हे ‘नाही’चं प्रकरण. जपानीत ‘नाही’ला शब्द आहे, ‘ईए’. आमच्या बारा दिवसांत तो मी एकदाही कोणाच्या तोंडून नकार म्हणून ऐकला नाही. नकाराचे खरे आवाज वेगळेच. ‘चोत्तो...’ म्हणून सोडून दिलेलं वाक्य. दातांतून ओढलेली हवा. कलती मान. ‘मुझुकाशीऽ’, म्हणजे अवघड आहे. ऑफिसात असाल तर ‘विचार करून बघतो’. पहिल्यांदा मला वाटलं काय ही लपवाछपवी, स्पष्ट सांगा की. मग परतीच्या विमानात हिशेब केला. मुलीच्या स्थळाला आपण काय कळवतो? ‘सध्या दोन वर्षं तिचा विचार नाही.’ उसने पैसे मागणाऱ्याला? ‘बघतो हं, जरा अवघड आहे.’ सोसायटीच्या वर्गणीला? ‘हे घरी नाहीत, नंतर या.’ आपण आयुष्यभर चोत्तोच म्हणत आलो की! आपला आपल्याला ऐकू येतो, दुसऱ्याचा येत नाही, एवढंच.

म्हणून सांगते, जपानी माणूस बोलता बोलता मध्येच थांबला की तो शब्द शोधत नाहीये. त्याचं बोलून झालंय. ‘बरं बरं, दाइजोबु’ म्हणा आणि विषय सोडा. दुसऱ्यांदा विचारलंत तर त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं, आणि ते त्याला खरोखर जड जातं.

‘दाइजोबु’ हा आणखी एक नमुना. ठीक आहे, चालेल, काळजी नको असे सगळे अर्थ. पण दुकानात ‘फुकुरो?’ म्हणजे पिशवी हवी का असं विचारतात (२०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात), त्यावर दाइजोबु म्हटलं की ‘नको’. मला हे समजायला क्षणही लागला नाही, कारण आपलं ‘असू दे’ अगदी असंच आहे. "आणखी भात वाढू?" "असू दे." आता वाढायचा की नाही ते वाढणारीने हातावरून ओळखायचं. तिथेही हातावरून ओळखतात. पिशवी नको असेल तर दाइजोबु म्हणताना तळहात थोडा पुढे करा, काम होतं.

‘हाय’ने मात्र आम्हाला क्योतोत फसवलं. खोली तीन वाजता मिळणार होती आणि आम्ही अकरालाच दारात. ह्यांनी फोनमधल्या भाषांतरावर एकेक वाक्य बोलून मालकीणबाईंना ऐकवायला सुरुवात केली. आम्ही कोयासानहून आलो. "हाय." पहाटे पाचला उठलो. "हाय, हाय." बायकोचे गुडघे दुखतात. "हाऽय." लवकर खोली मिळाली तर बरं होईल. "हाय." झालं, ह्यांनी बॅगा उचलल्या. हे मूळचे कराडकडचे. त्यांच्या घरी ‘भाकरी हाय का?’ ‘हाय!’ असाच संवाद होतो, त्यामुळे चार वेळा हाय म्हटल्यावर खोली मिळालीच असं त्यांनी धरलं. बाई मात्र हसऱ्या चेहऱ्याने बॅगा ठेवायची जागा दाखवत होत्या आणि तीन बोटं वर करत होत्या.

त्यांचं ‘हाय’ म्हणजे हो नव्हे, ‘ऐकतेय, पुढे बोला’. या हुंकाराला जपानीत ‘आइझुचि’ म्हणतात. शब्द लोहारकामावरून आला आहे. मुख्य लोहाराने घाव घातला की समोरचा साथीदार आपला घण घालतो, तो आलटून पालटून पडणारा दुसरा घाव म्हणजे आइझुचि. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना ‘हूं म्हणा रे, नाहीतर मी थांबते’ म्हणायची ना, तेच. किंवा पोवाड्यातले झीलकरी. शाहीर म्हणतो तेवढं म्हणतो, मागचे ‘जी जी रं जी’ करतात. म्हणून काही झीलकऱ्यांना अफझलखान मारल्याचं श्रेय मिळत नाही. तुम्ही बोलताना जपानी माणूस जी जी रं जी करतोय, होकार देत नाहीये.

उलट बाजूनेही लक्षात ठेवा. तो बोलत असताना तुम्ही गप्प ऐकलंत तर लाइन कट झाली की काय असं त्याला वाटतं. ट्रंकवर आम्हाला शिकवलं होतं की गिऱ्हाईक बोलत असताना मधून मधून ‘हो साहेब’ म्हणत राहा, नाहीतर तो ‘हॅलो हॅलो’ सुरू करतो. तेवढं केलं तरी संभाषण सुरळीत चालतं.

आणि नकारार्थी प्रश्न विचारू नका. ‘यात मासे नाहीत ना?’ ‘हाय.’ आता हे ‘हाय, नाहीत’ की ‘हाय, आहेत’? सरळ विचारा, ‘मासे आहेत का?’ आपण शाकाहारी असलो तर हे जन्ममरणाचंच. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचं पाणी. ते बहुतेक वेळा वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. त्यांच्या दृष्टीने तो मासा नव्हे, ती चव. आपण फोडणीतल्या हिंगाला भाजी म्हणतो का? तसंच. त्यामुळे ‘मासे नकोत’ म्हटल्यावर माशाचे तुकडे काढून टाकून तोच रस्सा समोर येतो, आणि देणाऱ्याने मनापासून तुमचं ऐकलेलं असतं. वाक्यात ‘दाशीसुद्धा नको’ हे लिहूनच घ्या. खाली अंड्याचंही लिहा.

कोयासानला मात्र दोन दिवस आम्ही पोटभर जेवलो. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग डोंगर चढणारी केबल कार, मग बस. कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये बादशहाकडून हा डोंगर मागून घेतला, तेव्हापासूनचं ठिकाण. तिथल्या मंदिरांतच राहायचं आणि भिक्षूंचं जेवण जेवायचं. ना कांदा, ना लसूण. दाशी केल्पची, म्हणजे समुद्री शेवाळाची, नाहीतर अळंब्यांची. तिळाचं मऊसूत ‘गोमा-दोफु’ मी तीन वेळा मागून घेतलं असतं, पण वाडगा मोजून एकच. इथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला आहे. थंडीत कुडकुडत आम्ही त्याला हात जोडून आलो.

तिथेच माझ्याकडून एक चूक झाली. जेवता जेवता दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून चॉपस्टिक मी भातात उभ्या खोचल्या. वाढणारा तरुण भिक्षू काहीच बोलला नाही. गुडघ्यावर बसला, माझ्या ताटाशेजारची लहानशी लाकडी ठेवणी दोन बोटांनी अर्धा इंच माझ्याकडे सरकवली, आणि उठून गेला. मी हात चाचपडत चॉपस्टिक काढून तिच्यावर ठेवल्या. भाचीने नंतर सांगितलं की मेलेल्या माणसाच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवतात त्यात काड्या उभ्या खोचतात. एका चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा वेचतात. हे ऐकल्यावर मला पुन्हा कोणी बजवायची गरज पडली नाही. दहाव्याच्या पिंडाकडे बघितलेल्या माणसाला काय सांगायचं?

पण मला आठवतं ते त्या पोराचं अर्धा इंच. आपल्याकडे असतं तर ‘अहो काकू, असं नाही करायचं!’ असं पंगतीत सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओकुनोइनच्या दफनभूमीत दोन लाखांवर थडगी आहेत तिथे हिंडलो. उंच देवदार, शेवाळलेले दगड. एका दगडावर पाच अक्षरं दिसली आणि हे एकदम म्हणाले, "अगं, हे आपलं ‘व’ आहे का?" होतंच. पंचमहाभूतांची बीजाक्षरं, अ, व, र, ह, ख, सिद्धम् लिपीत. कुकाई ती विद्या चीनहून घेऊन आला होता. जपानी बाराखडी आजही अ-का-सा-ता-ना-हा-मा या क्रमाने म्हणतात, तो क्रम या सिद्धम्‌च्या अभ्यासातूनच आलेला.

यावरून आठवलं. ‘जपानी फार कठीण’ म्हणून घाबरून इंग्रजीत अडकून बसू नका. लिपी कठीण आहे, पण बोलण्याची ठेवण आपलीच. क्रियापद शेवटी. ‘मी पाणी पितो’ त्याच क्रमाने ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’. प्रत्यय शब्दामागे चिकटतात. ‘ओकायामा कारा क्योतो मादे’ म्हणजे ओकायामाहून क्योतोपर्यंत. प्रश्नाच्या शेवटी चक्क ‘का’. ‘साकाना देसु का?’ मासा आहे का? आणि काही अनपेक्षित दिसलं की म्हणतात ‘आरे?’ स्टेशनवर एक आजोबा तिकीट मशिनपुढे ‘आरे? आरे?’ करत होते, मला वाटलं सांगलीचेच.

इंग्रजी शब्द वापरायचा तर त्याला स्वर लावून सोडा. मिल्क नव्हे मिरुकु, हॉटेल नव्हे होतेरु, आइस्क्रीम नव्हे आइसु कुरीमु. शुद्ध उच्चाराचा हट्ट धरून मी ‘कॉफी, कॉफी’ करत राहिले आणि मुलगी नुसती बघत राहिली. ‘कोहीऽ’ म्हटल्याबरोबर आली. आणि जोरात बोलू नका. माणसाला भाषा कळत नसेल तर आवाज वाढवून ती कळत नाही, हे मी ट्रंकवर हजारदा गिऱ्हाइकांना मनात सांगितलेलं आहे. कागदावर लिहा. बोललेल्यापेक्षा लिहिलेलं इंग्रजी त्यांना पुष्कळ बरं कळतं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरची अब्रू काढते. शिन-ओसाका ते ओकायामा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पाऊण तासाचा प्रवास. (मोठी बॅग असेल तर आधी मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसकट सीट आरक्षित करावी लागते.) डबा गच्च भरलेला, आणि एवढ्या माणसांत असा शुकशुकाट की पलीकडच्या बाईंनी डब्याचं झाकण काढलेलं मला ऐकू आलं. तेवढ्यात ह्यांच्या खिशात आरती वाजायला लागली. विहीणबाईंचा फोन. ४० वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात गणित शिकवलेला ह्यांचा आवाज तो. "हॅलो! हां, बोला! जपानात आहोत! ज-पा-ना-त!"

कोणीही काही बोललं नाही. कोणी ‘शू’ केलं नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी पुस्तक मिटलं, बुटांकडे बघितलं, पुन्हा उघडलं. पण पुण्याच्या बसमध्ये चार माणसांनी झापल्यावर वाटलं नसतं इतकं मला तिथे ओशाळं वाटलं. ह्यांना कोपराने ढकलत डब्याबाहेरच्या दाराशी नेलं. फोन आला तर तिथेच जाऊन बोलायचं असतं. साध्या लोकलमध्ये तर बोलायचंच नाही, फोन ‘मॅनर मोड’वर. त्यांच्याकडे सायलेंटला हाच शब्द आहे, मला तो फार आवडला.

बाकीचं भराभर सांगते. ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे. पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. टिप ठेवायची नाही. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नाहीतच. १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच काढून टाकले, त्यामुळे चिक्कीचे कागद पर्समध्ये घेऊन दिवसभर हिंडायची तयारी ठेवा. तातामी या गवती चटईवर सपातासुद्धा नाहीत, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. त्या घालून ह्यांनी अख्खा व्हरांडा पालथा घातला. नूडल्स खाताना भुरके मारलेले चालतात. आमच्या सासरी आमटीच्या भुरक्यावरून मी सुनांना बोलणी बसलेली पाहिली आहेत, मला फार समाधान वाटलं. चारचौघांत नाक शिंकरणं मात्र वाईट दिसतं.

नाकावरून ओकायामातली फजिती. सर्दी झाली होती म्हणून औषधाच्या दुकानात गेले. फोनवर दाखवलं, या गोळीने झोप येते का? दुकानातल्या मुलीने हसत हसत स्वतःच्या नाकापुढे पंजा उभा धरून पंख्यासारखा भराभर हलवला. आपल्याकडे याचा अर्थ एकच. वास येतोय! माझ्या पर्समध्ये हिंगाची डबी आणि मेतकुटाची पुडी होती, अडीअडचणीला मेतकूट-भात करता यावा म्हणून. माझी कानशिलं तापली. गोळी न घेता मी बाहेर पडले, बाकावर बसून डबी तीन पिशव्यांत गुंडाळली, पर्सचा वास घेतला, रुमाल हुंगला. संध्याकाळी भाची म्हणाली, "नाकापुढे हात हलवला म्हणजे ‘छे छे, नाही येत झोप’ असं म्हणाली ती, आत्या!"

आणि कोणी तर्जनी स्वतःच्या नाकाला लावली तर ‘मी? मला म्हणताय?’ आपण छातीवर हात ठेवतो, ते नाक दाखवतात. उलट आपली ती मान डोलवायची सवय, ‘चालेल’ म्हणून डावीउजवीकडे हलवतो ती, तिथे बंद ठेवा. कलती मान म्हणजे त्यांच्याकडे शंका. मी चहा आवडला म्हणून मान डोलवली की वाढणारी बाई घाबरून पुन्हा विचारायला यायची, काही चुकलं का?

क्योतोबद्दल भाचीने एक सांगितलं ते लिहून ठेवते. म्हणे तिथे पाहुणा बराच वेळ बसला की यजमानीणबाई विचारतात, "बुबुझुके घेता का थोडं?" बुबुझुके म्हणजे चहा ओतलेला भात. हो म्हणायचं नसतं. ते ‘आता उठा’ आहे. प्रत्यक्षात हल्ली असं कोणी म्हणत नाही, पण क्योतोवरचा हा विनोद साऱ्या जपानला ठाऊक. पुण्याला जोडीचं शहर म्हणून खरं तर क्योतो मिळायला हवं होतं.

मिळालं ओकायामा. आणि माझ्या या सहलीचं खरं कारणही तेच होतं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरायला जाते. त्या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ती ज्या बागेवरून केली ती ओकायामाची कोराकुएन. इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ साली बांधायला घेतली, १७०० साली पुरी झाली. जपानच्या तीन थोर बागांतली एक. आत हिरवळ, तळी, चहाचा मळा आणि चक्क भाताचं छोटं खाचर. नदीपलीकडे काळाभोर किल्ला, त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात.

शेवटच्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. तळ्याकाठी बाकावर माझ्याच वयाच्या एक आजी बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि शेजारी बसले. मला एकच वाक्य येत होतं, ते म्हटलं. "सामुइ देसु ने." थंडी आहे नं? हा त्यांचा ‘ने’ म्हणजे आपला ‘नं’. तो लावला की वाक्यातला अर्धा भाग समोरच्याच्या ओटीत पडतो.

"सोऽ देसु नेऽ," आजी म्हणाल्या.

थोडा वेळ दोघी गप्प. मग मी म्हटलं, "किरेइ देसु ने." छान आहे नं? "नेऽ," आजी म्हणाल्या. मी फोनवर लिहिलं की आमच्या गावी अशीच बाग आहे, मी रोज सकाळी तिथे फिरते, तुमच्या शहराची मैत्रीण म्हणून बांधली आहे. आजींनी चष्मा वर करून वाचलं. "एऽऽ? आरे?" मग बोट स्वतःच्या नाकाला लावून काहीतरी विचारलं. त्यातलं मला ओकायामा तेवढं कळलं. मी ‘हाय, हाय’ केलं. त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून दोन्ही हातांनी मला दिलं. मी दोन्ही हातांनी चिक्कीची पुडी दिली. ती त्यांनी उघडली नाही, कपाळाशी नेल्यासारखी केली आणि नीट पिशवीत ठेवली. आपणही पाहुण्यादेखत पाकीट उघडत नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. आवाज नव्हताच, नुसता थरथरला. त्या उठल्या, माझी माफी मागितली, पाच-सहा पावलं लांब गेल्या, तळ्याकडे तोंड करून, ओठांपुढे पंजा धरून हळूच म्हणाल्या, "मोशि मोशि." १८९० साली टोकियो-योकोहामात फोन सुरू झाला, त्या काळापासूनचा त्यांचा हॅलो. मूळ अर्थ ‘बोलते, बोलते’.

पलीकडे कोण होतं कुणास ठाऊक. आजी ऐकत होत्या, ‘हाय’ म्हणत होत्या, आणि दर हायला कमरेतून वाकत होत्या. तळ्यापुढे, फोनला. तीस-एक वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले, पलीकडच्याला दिसत नाही म्हणून लोक लाइनवर जांभया द्यायचे, जेवायचे, खोटं बोलायचे. मी संत्रं हातात धरून बघत बसले. पाच-सहा वेळा वाकल्या. शेवटच्या वेळी जास्त खाली.